कमरेचा घेर आणि विरारची गाडी

'वजन कमी करा, महिन्यात ५ किलो, हमखास.' खाली मोबाइल नंबर. वसई रोड, नालासोपारा आणि विरारच्या रोजच्या प्रवाशांना हा कागद नवा नाही. लोकलच्या दाराजवळच्या पत्र्यावर, पुलाच्या जिन्यात, रिक्षा स्टँडच्या खांबावर तो चिकटवलेला असतो. त्या नंबरवर फोन केला की पलीकडून आपुलकीने विचारपूस होते, मग पावडरचा डबा, गोळ्यांची बाटली किंवा चहासारख्या पुड्यांचं पाकीट पुढे येतं. हीच उत्पादनं मेडिकलच्या काउंटरवर, जिमच्या कपाटात आणि सोसायटीतल्या ओळखीच्या ताईंच्या घरीही मिळतात. लेडीज डब्यात एखादी बारीक झालेली दिसली की शेजारची विचारते, "अगं, काय घेतेस तू? मला पण सांग ना." लग्न ठरलेली मुलगी, बाळंतपणानंतर वजन न उतरलेली आई, शुगर 'बॉर्डरवर' आलेला पन्नाशीचा गृहस्थ, पोट सुटल्यामुळे ऑफिसात चेष्टेचा विषय झालेला तरुण, असे सगळे या कागदाचे गिऱ्हाईक आहेत. त्यांची गरज खरी आहे, म्हणून या विषयाकडे गांभीर्याने पाहायला हवं.

आधी त्या कागदावरच्या पाच किलोंचा हिशोब करू. शरीरातली एक किलो चरबी जायला ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते. पाच किलोंसाठी ३८,५०० आणि महिन्याच्या तीस दिवसांत वाटली तर रोज सुमारे १,२८०. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे पाहा. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईची दिवसाची गरज १,६६० किलोकॅलरी आहे. म्हणजे हे वचन खरं करायचं तर तिने दिवसभर चारशेहून कमी किलोकॅलरींवर राहायचं, घरकाम करायचं आणि गाडीही पकडायची. ही उपासमार आहे. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, तो बहुतांश साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर जाणाऱ्या पाण्यामुळे. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते पाणी परत येतं. पण तोवर डब्याची किंमत देऊन झालेली असते आणि वजन वाढल्याचा दोष मात्र घेणाऱ्याच्या माथी बसतो.

आमसुलाच्या कुळातलं फळ

वजन उतरवण्याच्या गोळ्यांमध्ये गेली तीन दशकं एक नाव सतत दिसतं, गार्सिनिया कॅम्बोजिया. केरळात माशांच्या कालवणात जी कुडमपुळी घालतात, तेच हे फळ. आपल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, कुळातलं. वसईच्या स्वयंपाकघरात बांगड्याच्या कालवणाला आंबटपणा देणाऱ्या आमसुलाचं हे जवळचं नातेवाईक म्हणता येईल. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. तेवढ्यावर अब्जावधींचा धंदा उभा राहिला.

माणसांवर याची नीट तपासणी झाली ती १९९८ साली. अमेरिकेतल्या स्टीव्हन हाइम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी जास्त वजनाच्या १३५ जणांचे दोन गट केले. एका गटाला गार्सिनियाचा अर्क दिला, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा, भरपूर चोथ्याचा आहार सांगितला. बारा आठवड्यांनी गार्सिनिया घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं. रिकाम्या गोळ्या घेणाऱ्यांचं उतरलं ४.१ किलोंनी. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता, म्हणून रिकामी गोळी चांगली असं कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते. वजन दोन्हीकडे उतरलं आणि दोन्हीकडे समान होता तो आहार.

आता कुठल्याही डब्याची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडेल, 'संतुलित आहार आणि नियमित व्यायामासोबत घ्यावे.' डब्याचं यश सांगणाऱ्या मैत्रिणीलाही शांतपणे विचारून पाहा. डबा सुरू केला त्याच दिवशी तिने संध्याकाळचा समोसा बंद केलेला असतो, चहातली साखर कमी केलेली असते, रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे आणलेली असते आणि सकाळी चालायला सुरुवात केलेली असते. पैसे मोजले म्हणून मनाचा निग्रह झाला, हे मान्य. परंतु वजन उतरवलं ते तिच्या कष्टांनी, आणि त्याचं श्रेय घेऊन गेला पावडरचा डबा. तिचं श्रेय तिला परत मिळायला हवं. तिला ते कळलं, तर डबा संपल्यावरही ती चालत राहील.

सोळा माणसांचा पुरावा

'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे शब्द डब्यावर ठळक असतात. त्यांच्या मुळाशी काय असू शकतं, याचं एक उदाहरण आपल्याच देशात घडलेलं आहे. २०१२ साली ग्रीन कॉफीच्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीबियांच्या, अर्काविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोग बंगळुरूत झाला होता, त्यात माणसं होती फक्त सोळा. त्यांचं वजन २२ आठवड्यांत सरासरी आठ किलोंनी उतरल्याचा दावा होता. अमेरिकेतल्या डॉक्टर मेहमेत ऑझ यांच्या टीव्ही कार्यक्रमाने हा अर्क घराघरांत पोचवला. पुढे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. प्रयोग करणाऱ्याने माणसांची वजनं आणि इतर मोजमापं वारंवार बदलल्याचं कमिशनने म्हटलं. प्रयोगाला पैसे पुरवणाऱ्या कंपनीने २०१४ साली ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि त्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. ग्रीन कॉफीची पाकिटं मात्र अजूनही बाजारात आहेत.

ॲपल सायडर व्हिनेगरचीही तीच गत. २०२४ साली लेबनॉनमधल्या १२० तरुण-तरुणींवरचा अभ्यास एका ब्रिटिश नियतकालिकात आला. रोज चमचाभर व्हिनेगरने वजन उतरतं, ही बातमी जगभर फिरली. आकड्यांची फेरतपासणी केल्यावर त्यांत गंभीर विसंगती निघाल्या आणि सप्टेंबर २०२५मध्ये तोही अभ्यास मागे घेतला गेला. जाहिरात एका दिवसात विरारपर्यंत येते. ती खोटी ठरल्याची बातमी क्वचितच येते.

डब्यावर न लिहिलेलं

उपयोग झाला नाही तरी अपाय तर नाही ना, असं पुष्कळांना वाटतं. 'हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही,' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी असतंच. इथे सावध व्हायला हवं.

सिब्युट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध एके काळी डॉक्टर लिहून देत. त्याने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० साली ते युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं आणि २०११ साली भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली. पण ते नाहीसं झालं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळीची म्हणून नोंदवलेली ७७६ पूरक उत्पादनं अभ्यासकांनी तपासली. त्यांपैकी ३१७ वजन उतरवण्याची होती आणि त्या ३१७मधल्या २६९ उत्पादनांत सिब्युट्रामाइन सापडलं. लेबलवर वनस्पतींची नावं आणि आत बंदी घातलेलं औषध. असा डबा 'गुण देतो', कारण त्यात औषध असतं. ज्याला रक्तदाब आहे, ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्या जिवाशी हा खेळ होतो. म्हणून फार लवकर आणि फार ठळक गुण देणाऱ्या अनोळखी गोळीची अधिक भीती बाळगावी.

दुसरा धोका यकृताचा. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या रुग्णालयांच्या गटाला आढळलं, की अशा रुग्णांत पूरक उत्पादनांमुळे इजा झालेल्यांचं प्रमाण २००४ ते २०१३ या दहा वर्षांत ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं. 'हायड्रॉक्सीकट' या तिथल्या लोकप्रिय उत्पादनाबाबत यकृताच्या इजेच्या २३ तक्रारी आणि एका मृत्यूची नोंद झाली, तेव्हा २००९ साली सरकारने ते न वापरण्याचा इशारा दिला आणि कंपनीने माल परत बोलावला. त्यातला नेमका कुठला घटक कारणीभूत होता, ते ठरवता आलं नाही. दहा-पंधरा अर्क एकत्र केलेल्या गोळीत दोषी शोधणं अवघडच असतं. साध्या ग्रीन टीचा कप निर्धोक आहे. पण त्याच पानांचा घट्ट अर्क गोळीतून घेतला आणि त्यातलं मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर यकृताची विकरं वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं. डबा घेत असताना लघवी गडद पिवळी होणं, डोळ्यांत पिवळेपणा, सतत मळमळ, अंगाला खाज, यांतलं काहीही दिसलं तर डबा बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. आणि जाताना डबा बरोबर न्यावा. 'पावडर घेते' हे डॉक्टरांपासून लपवू नये.

आपल्याकडे कायदे आहेत. १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या व्याधींवरच्या उपचारांची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत स्थूलता आहे. मात्र हा कायदा औषधांचा आणि डबा परवाना घेतो तो अन्नाचा. पूरक आहारासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१६चे नियम आहेत. त्यांनुसार अशा डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक लोकांना गुणाची हमी वाटतो. ती हमी नव्हे. उत्पादक नोंदलेला आहे, एवढंच तो क्रमांक सांगतो. वजन उतरेल की नाही, याची परीक्षा त्या परवान्यासाठी झालेली नसते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण तक्रारच झाली नाही तर तो कायदा कपाटातच राहतो. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सगळ्यांसाठी खुला आहे, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार करता येते.

पुण्याने शिकवलेलं

वजनाच्या काट्यावर आपण जितका विश्वास टाकतो, तितका तो टाकण्याजोगा नाही, हे जगाला दाखवलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा हा भारतीय देह आहे. त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून केलेल्या अभ्यासातून दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू पुष्कळच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

म्हणून आपले निकष वेगळे आहेत. भारतीयांसाठी २३च्या वर बीएमआय गेला की जास्त वजन आणि २५च्या वर स्थूलता धरतात. त्याहून सोपं साधन म्हणजे शिंप्याची टेप. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८०च्या आत असावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, तेव्हा वजनाच्या निकषावर २८.६ टक्के लोक स्थूल निघाले, आणि पोटाच्या घेरावर ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमध्ये जी माणसं आहेत, त्यांना आपण ठीक आहोत असंच वाटत असतं. त्याच पाहणीत देशात दहा कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला.

यातून डब्याविषयी आणखी एक गोष्ट कळते. जेवणाऐवजी शेक पिऊन झटपट उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच तोकडी. जे जपायचं तेच आपण देऊन टाकतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षं काम केलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं यांचा सातत्याने पाठपुरावा केलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं. विशेष म्हणजे त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती. काटा हलला नाही तरी शरीर आतून सुधारत होतं. चार आठवडे चालून वजन उतरलं नाही म्हणून निराश होऊन बूट कोपऱ्यात टाकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं.

वेळ कुठून आणायचा?

वसई-विरारकरांना आहार-व्यायामाचं महत्त्व कळत नाही, असं नाही. अडचण दिवसाची आहे. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि मुंबईचं पोट भरणाऱ्या या वाड्या-बागायतींच्या प्रदेशाची मुंबईत काम करणाऱ्यांचं वसतिस्थान व्हायला सुरुवात झाली. २००९च्या जुलैत चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर इमारती वाढतच गेल्या.

या इमारतींतल्या हजारोंचा दिवस साधारण असा असतो. पहाटे पाचला उठून पाणी भरायचं, डबे करायचे, शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचं, दीड तास उभ्याने प्रवास, आठ-नऊ तास खुर्ची, पुन्हा दीड तास, आणि घरी पोचेपर्यंत साडेआठ. दुपारच्या डब्यानंतर सात तास पोटात काही नाही, म्हणून प्लॅटफॉर्मवर वडापाव. रात्री दहाला दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण, बाराला झोप, पाचला गजर. या वेळापत्रकात वजन वाढतं ते आळसाने नव्हे. शिकागोत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, जास्त वजनाच्या ८० जणांपैकी निम्म्यांची झोप सव्वा तासाने वाढवली, दुसरं काहीही सांगितलं नाही. त्यांचं खाणं दिवसाला आपोआप सुमारे २७० किलोकॅलरींनी कमी झालं. झोपमोड झालेलं शरीर भूक वाढवतं, आणि ती भूक गोड-तळलेलं मागते.

डबा विकला जातो तो इथे. 'जेवण बनवायला वेळ नाही? एक ग्लास शेक प्या.' थकलेल्या माणसाला हे वाक्य पटतं आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी काय सोपं करता येईल, हे पाहायला हवं.

वाडीतलं ताट

सोपं आणि जवळचं पुष्कळ आहे, कारण आपण वसईत राहतो. आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखालच्या वाड्यांतली ताजी भाजी पहाटेच्या गाडीने दादरला जाते. तीच भाजी वसई-विरारच्या बाजारात गावातल्या बायका पाटी मांडून विकतात. अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या कोळणीकडे बोंबील, मांदेली, कोलंबी असते, पावसाळ्यासाठी सुके बोंबील आणि जवळा. वाल, मूग, कुळीथ, नाचणी, अंडी, घरचं दही. स्नायू टिकवायला लागणारी प्रथिनं या यादीत भरपूर आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मासे, २५० ग्रॅम धान्य आणि २७ ग्रॅम तेल-तूप असं ताट सांगितलं आहे. प्रथिनांच्या पावडरी टाळा, असंही तीच मार्गदर्शिका सांगते.

तेलाचा हिशोब घरी करता येतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी रोजचं तेल साधारण ३८ ग्रॅम होतं. तेच साडेतीन लिटरांवर आणलं की २६-२७ ग्रॅम. प्रत्येकाच्या खाण्यातून दिवसाला शंभरेक किलोकॅलरी कमी झाल्या, आणि घरातल्या कोणाचीही भाकरी कमी करावी लागली नाही.

पाकिटातल्या खाण्याचं तर वेगळंच गणित आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली वीस जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत साखर, मेद, चोथा, कॅलरी सारख्याच. हवं तितकं खा, असं सांगितलेलं. पाकिटाच्या अन्नावर तीच माणसं दिवसाला ५०० किलोकॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोंनी वाढली. साध्या जेवणावर तितकीच उतरली. म्हणून संध्याकाळच्या गाडीसाठी पिशवीत मूठभर शेंगदाणे, फुटाणे, एखादं केळं असलं, तर प्लॅटफॉर्मवरची भूक भागते. आणि रात्रीच्या मोठ्या जेवणाचा जोर ओसरतो.

राज्यात आहारपद्धतींचे वाद जोरात झाले आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळाच जेवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असा कार्यक्रम गावोगाव नेला. ऋजुता दिवेकर यांनी आपल्या आजीचं, हंगामातलं अन्न भीती न बाळगता खा, असं सांगितलं. दोघांचं अनेक बाबतींत पटत नाही. तरी दोघांचे अनुयायी पाकिटातलं खाणं सोडतात, वेळ पाळतात आणि चालतात. ज्याला जे वर्षानुवर्षं जमेल ते त्याने करावं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

चालायचं कुठे?

व्यायामाविषयीही खरं सांगायला हवं. साठ किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. त्यामुळे खाणं न बदलता नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही. पण चालण्याने साखर, रक्तदाब, झोप, मन आणि कमरेचा घेर यांना फायदा होतो आणि उतरलेलं वजन टिकतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, यांना जिमची फी लागत नाही.

जागा आपल्याकडे देखण्या आहेत. वसई किल्ल्याच्या आतला रस्ता, सुरुची बाग, भुईगाव, राजोडी आणि अर्नाळ्याचा किनारा, जीवदानीच्या हजारांहून अधिक पायऱ्या. २०११पासून इथे दरवर्षी मॅरेथॉन भरू लागली, करोनाची दोन वर्षं सोडता ती चालू राहिली. वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर तीन दशकांहून अधिक काळ कला-क्रीडा महोत्सव रंगतो आहे. पण जीवदानी सोडली तर या जागा पश्चिमेला आहेत. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत राहणाऱ्या बाईला त्या रोजच्या नाहीत. तिच्या दारातल्या रस्त्याला पदपथ नाही, असेल तिथे हातगाड्या आणि दुचाकी उभ्या, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, आणि पहाटे पाचला किंवा रात्री नऊला एकटीने चालावं असा उजेड नाही. तिला 'रोज चाला' एवढंच सांगणं अन्यायाचं आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या माणसांनी हरित वसईसाठी लढा दिला. बावखळं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, वाड्या, झाडं वाचावीत ही त्यांची मागणी त्या वेळी काहींना विकासाच्या आड येणारी वाटली. आज आरोग्याच्या नजरेने पाहिलं तर त्या मागणीचं मोल कळतं. वाडी राहिली तर भाजी जवळून येते. मोकळी जागा राहिली तर माणसं चालतात, मुलं खेळतात. विकास आराखड्यातल्या प्रत्येक बागेच्या आणि मैदानाच्या आरक्षणावर इमारत उभी राहते, तेव्हा डबा विकणाऱ्याचं गिऱ्हाईक वाढतं.

औषध कधी?

काही जणांना आहार-व्यायाम पुरत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. थायरॉइडचा दोष, पीसीओडी, काही मानसोपचाराची औषधं, स्टेरॉइड, जन्मजात प्रवृत्ती यांमुळे वजन वाढतं. अशांना 'तोंडावर ताबा ठेव' म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्यांच्यासाठी खरी औषधं आता आली आहेत. टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन मार्च २०२५मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये भारतात आलं. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तपासण्या करत, दुष्परिणामांवर लक्ष ठेवत घ्यायची असतात. आणि तीही थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. इतक्या ताकदीच्या औषधालासुद्धा रोजच्या सवयींची जोड लागते. मग कसलीही परीक्षा न दिलेल्या पावडरीकडून त्या सवयी सोडून देण्याची मुभा मिळेल, अशी आशा कुणी का धरावी?

डब्याला महिन्याला दोन हजार जरी धरले तरी वर्षाचे चोवीस हजार होतात. तेवढ्यात चालायचे चांगले बूट, घरातल्या मोठ्यांच्या साखर-थायरॉइड-यकृताच्या तपासण्या, आहारतज्ज्ञाचा एकदा नीट सल्ला आणि वर्षभर आठवड्याला दोनदा मासे किंवा अंडी बसतात. उरलेलं काम पैशाने होणारं नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून रात्रीचं जेवण तासभर अलीकडे आणायचं, स्वयंपाकाचा भार वाटून घ्यायचा म्हणजे घरातल्या बाईलाही झोप आणि अर्धा तास चालणं मिळेल, आणि कुणाच्याही पोटावरून चेष्टा करायची नाही. आणि निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला आपल्या प्रभागातला पदपथ, दिवे, बाग आणि मैदान यांचा हिशोब विचारायचा. वसई-विरारकरांचं आरोग्य टिकवायचं असेल, तर त्यांना वेळ, झोप, ताजं जेवण आणि चालायला रस्ता मिळाला पाहिजे. यांतलं काहीच डब्यात भरून विकता येत नाही. ते घरात मिळून करावं लागतं आणि महानगरपालिकेकडून भांडून मिळवावं लागतं.